चेन मेणात बुडवली त्या वर्षी

जुन्या कात्रज घाटात, बोगद्याच्या थोडं अलीकडे, मी पेडलवर उभी राहिले आणि पायाखालचा आधार एकदम गेला. खट्‌कन आवाज झाला, पेडल रिकामं फिरलं आणि उजवा गुडघा हँडलच्या खोडावर आपटला. पडले नाही. पुन्हा बसून हळूहळू पेडल मारायला लागले तर सगळं ठीक. जरा जोर लावला की पुन्हा खट्‌. जानेवारीतली पहाट होती. मागून दुधाच्या गाड्या येत होत्या. असल्या रस्त्यावर चेनवर भरवसा नसणं ही गंमत नाही. तिथूनच सायकल वळवली आणि उतारानं स्वारगेटपर्यंत आले.

चेन दोनच दिवसांपूर्वी नवी कोरी घातली होती, आणि मला तेच समजत नव्हतं. जुनी चेन कधी अशी निसटली नव्हती.

माझी सायकल ज्यांच्याकडे असते त्या काकांनी मागचं चाक काढलं आणि कॅसेटचे, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांचे, दाते उजेडाकडे धरून दाखवले. मधल्या तीन चकत्यांचे दाते एका बाजूला कलले होते, लाटेसारखे. म्हणाले, "ताई, तुमची जुनी चेन वाढलेली होती. वाढलेल्या चेननं दाते आपल्या मापाचे करून घेतले. आता ही नवी चेन त्यात बसणार कशी?" कॅसेट बदलावी लागली. चेनच्या तिप्पट पैसे गेले. ते काकांमुळे नव्हे, माझ्यामुळे. ४८०० किलोमीटर मी ती चेन एकदाही मोजली नव्हती.

पैशांपेक्षा एक गोष्ट मनाला लागली. मी दर शनिवारी चेनला तेल घालत होते. वडील लहानपणी सायकल उलटी करून चेनला मशीनचं तेल सोडायचे, पेडल हातानं गरगर फिरवायचे, फडक्यानं पुसायचे. तेच मी करत होते, मनापासून. मग ती इतकी झिजली कशी?

जुनी चेन काकांकडून परत मागून घेतली. घरी येऊन चेन तोडायच्या हत्यारानं तिची एक पिन बाहेर काढली आणि सासऱ्यांच्या वाचायच्या भिंगाखाली धरली. पिन बाहेरून गोल, चकचकीत. पण एका बाजूनं नख फिरवलं की नख अडकत होतं. तिथे चर पडला होता. चर बारीक, पण नखाला स्पष्ट कळणारा. पिनेभोवती काळी, करडी पेस्ट होती. बोटांत चोळली तर कचकच लागली, भाजीत माती राहिली की दाताखाली लागते तशी. ते तेल आणि धूळ यांचं मिश्रण होतं, आणि ते धातू घासायला वापरतात त्या पेस्टपेक्षा वेगळं नव्हतं. दर शनिवारी मी वरून ताजं तेल सोडत होते आणि ते तेल वरची धूळ धुऊन थेट आत, पिनेपाशी, नेत होतं.

चेन "ताणली" असं आपण सर्रास म्हणतो. चेनच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पोलाद आपल्या पायांच्या जोरानं लांबत नाही. प्रत्येक जोडात पिन आणि तिच्याभोवतीची कड झिजते, फट वाढते, आणि सगळ्या फटींची बेरीज म्हणजे चेनची "वाढ". चेनच्या दोन पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये बुश (पिनेभोवतीची नळी) आणि रोलर (त्या नळीभोवती फिरणारी कडी) असलेल्या चेनचं पेटंट घेतलं. तिथून आजच्या चेनपर्यंत फरक एवढाच, की गिअरच्या सायकलींच्या चेनमधून वेगळा बुश गेला आणि आतल्या पट्टीचीच उभारलेली कड त्याचं काम करू लागली. २४ जोड म्हणजे १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर. ११ गिअरच्या कॅसेटवर अर्धा टक्का वाढ झाली की चेन बदलायची असते. अर्धा टक्का म्हणजे २४ जोडांत दीड मिलिमीटर. जोडामागे ०.०६ मिलिमीटर, डोक्याच्या एका केसाएवढी झीज. माझी जुनी चेन स्टीलच्या मोजपट्टीवर मोजली तर ३०८ मिलिमीटर भरली, एक टक्क्याच्याही वर. पट्टी लावायला एक मिनिटही लागत नाही: शून्य एका पिनेच्या कडेवर, आणि बारा इंचावर त्याच बाजूची कड कुठे येते ते बघायचं. चेन सायकलवरच असताना, पेडलवर हलका दाब ठेवून, मोजता येतं.

मेणाबद्दल मी आधी ऐकलं होतं. ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, येणारी काही मंडळी चेन मेणात बुडवतात, त्यांची चेन हाताळली तरी बोटं काळी होत नाहीत. मला ते शर्यतवाल्यांचं प्रकरण वाटायचं, दोन-चार वॅट वाचवण्यासाठीचं. पिन बघितल्यावर पटलं की मुद्दा वेगळा आहे. मेण थंड झालं की घट्ट असतं. त्याला धूळ चिकटत नाही आणि चिकटली तरी ते तिला आत वाहून नेत नाही. बस्स, एवढ्यासाठी करून बघायचं ठरवलं.

खरी मेहनत मेणाची नाहीच, त्याआधीच्या धुण्याची आहे. नवी चेन खोक्यातून येते ती कारखान्यातल्या ग्रीजमध्ये माखलेली. ते ग्रीज जोडांच्या आत राहिलं तर मेण आत शिरतच नाही, वरच्या वर बसतं आणि पन्नास किलोमीटरांत झडून जातं. मी मोठ्या तोंडाची प्लॅस्टिकची बरणी घेतली, त्यात रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन ओतलं, चेन घातली, झाकण घट्ट लावलं आणि बाल्कनीत बसून हलवत राहिले. पाच मिनिटांत पाण्यासारखं टर्पेंटाइन चहासारखं झालं, तेही चेनवर सायकल एक मीटरही चाललेली नसताना. ओतून दुसरं घेतलं, मग तिसरं. तिसऱ्या वेळी रंग बदलला नाही. मग टर्पेंटाइनचा तेलकट थर जावा म्हणून स्पिरिटमध्ये दोनदा. चेन वाळवून हातात धरली तर तिचा आवाजच बदलला होता. आधी मऊ, दबका आवाज यायचा. आता काचेच्या बांगड्यांसारखी खळखळत होती. तो आवाज आला की समजायचं, आत काही उरलेलं नाही. कॅसेट, चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि डिरेलरची, म्हणजे मागच्या गिअर बदलणाऱ्या भागाची, दोन्ही छोटी चाकंही अशीच पुसून कोरडी केली, नाहीतर तिथलं जुनं तेल नव्या मेणात मिसळतं.

दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. टर्पेंटाइन आणि स्पिरिट दोन्ही पेट घेतात. धुणं आणि मेण तापवणं एका जागी, एका वेळी कधीही करू नका. मी धुणं सकाळी बाल्कनीत केलं आणि मेण संध्याकाळी. आणि वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बरणी आठवडाभर न हलवता ठेवली की गाळ खाली बसतो, वरचं नितळ परत वापरता येतं. माझं पहिलं लिटर अजून चालू आहे. गाळ मी लाकडाच्या भुशात मुरवून वेगळा बांधून ठेवते.

मेण म्हणजे पॅराफिन, मेणबत्त्यांचं. रविवार पेठेतून दोन किलोच्या लाद्या आणल्या, बिनवासाच्या, बिनरंगाच्या. भांड्याचा प्रश्न होता. सासूबाईंनी माळ्यावरून एक ॲल्युमिनियमचं पातेलं आणि एक स्टीलचा डबा काढून दिला. "हे पुन्हा स्वयंपाकघरात आणायचं नाही हं," एवढीच अट. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण. मेण कधीही थेट गॅसवर ठेवायचं नाही. पाण्यात ठेवलं की ते शंभर अंशांच्या वर जाऊच शकत नाही, आणि आपल्याला लागतं नव्वदच्या आत. माझं मेण साठच्या सुमारास वितळलं. स्वयंपाकाचा थर्मामीटर पंच्याऐंशी दाखवायला लागल्यावर जुन्या स्पोकच्या आकड्यात चेन ओवून आत सोडली.

आणि तिथे मला पहिल्यांदा चेनचं आतलं दिसलं म्हणा ना. चेन बुडाली तशी बुडबुड्यांची बारीक माळ वर यायला लागली. प्रत्येक रोलरमधून, प्रत्येक जोडातून हवा बाहेर पडत होती आणि तिच्या जागी मेण शिरत होतं. आकडा हलवला की पुन्हा एक लोट. दहा मिनिटं हलवत राहिले, तेव्हा बुडबुडे थांबले. वरून थेंब थेंब तेल सोडताना आत काय पोहोचतं आणि काय नाही, हे मला कधीच दिसलेलं नव्हतं.

आता चेन केव्हा बाहेर काढायची? पहिल्या खेपेला मी उकळत्यासारख्या गरम मेणातूनच काढली. सगळं मेण ओघळून खाली गेलं, चेन जवळजवळ कोरडी. सासूबाई बाजूला भाजी निवडत बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, गॅस बंद कर आणि थांब जरा. दुधासारखी साय धरू दे त्याच्यावर, मग काढ." तूप कढवणाऱ्या हाताला हे सांगावं लागत नाही. गॅस बंद केला, पंधरा-वीस मिनिटं थांबलो. कडेनं पांढुरकी साय धरायला लागली. तेव्हा चेन उचलली तर मेण जोडांतच राहिलं, बाहेर पातळ थर. अजून मी हेच माप धरते. थर्मामीटर बघत नाही, साय बघते.

टांगून ठेवलेली चेन अर्ध्या तासात काठीसारखी ताठ होते. घाबरायचं कारण नाही. बाल्कनीच्या गजावरून तिला पुढे-मागे ओढली की जोड एकेक करून कडकड मोकळे होतात, मेणाचे कपचे खाली पडतात. खाली वर्तमानपत्र अंथरायला विसरू नका. मग चेन सायकलवर चढवायची आणि क्विक लिंक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, लावायची. क्विक लिंक घेतानाच नीट बघून घ्या. काही कंपन्यांची लिंक एकदाच लावायची असते, काहींची पुन्हा पुन्हा उघडता येते. मेणाच्या पद्धतीत चेन सारखी काढावी लागते, म्हणून दुसरी घ्यायची, आणि ती उघडायला छोटा चिमटा.

पहिली राइड खडकवासला ते पानशेत. सुरुवातीचे दहा-पंधरा किलोमीटर गिअर बदलताना जरा जड वाटलं, मग मोकळं झालं. आणि मग शांतता. आजवर मला वाटायचं सायकलला एक घरघर असतेच, रस्त्याची, टायरची. ती बरीचशी चेनची होती. पानशेतला चहाला थांबले तेव्हा चेनवर बोट ओढलं. बोटावर काही नाही. उजव्या पोटरीवर माझ्या दातेरी चेनरिंगचा काळा शिक्का कायम असायचा, तोही नाही.

सायकल जास्त पळाली का? पळाली असेल, पण मला तो मुद्दा नंतरनंतर दुय्यम वाटत गेला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेनची कार्यक्षमता प्रयोगशाळेत मोजली होती. चांगल्यात चांगली स्थिती ९८.६ टक्के निघाली. म्हणजे पायांनी घातलेल्या १५० वॅटमधले जेमतेम दोन वाया. आणि विशेष म्हणजे, कोणतं वंगण घातलं त्यानं तिथे फारसा फरक पडला नाही. दात्यांची संख्या आणि चेनवरचा ताण यांनी पडला. हे वाचून अनेकजण म्हणतात, मग कशाला हा खटाटोप? पण ती चेन स्वच्छ होती, प्रयोगशाळेत होती. तिनं सिंहगड रस्त्यावरची धूळ खाल्लेली नव्हती. वंगणाचं नाव काय यापेक्षा जोडाच्या आत माती आहे की नाही, हा प्रश्न मोठा.

दात्यांचं मात्र मी मनावर घेतलं. ११ दात्यांच्या चकतीवर प्रत्येक जोड जवळपास ३३ अंशांत वाकतो, २२ दात्यांच्या चकतीवर साडेसोळा अंशांत. वाकणं म्हणजे पिनेवरचं घासणं. ५० दात्यांच्या चेनरिंगवर मिनिटाला ९० फेरे मारले तर मिनिटाला ४५०० जोड तिच्यावरून जातात. सपाटीवर वाऱ्याविरुद्ध उगाच ५०-११ लावून ढकलत बसायची सवय मी त्यानंतर मोडली, आणि मोठी चेनरिंग व मोठी चकती अशी तिरकी चेन ओढायचीही.

कोरड्या दिवसांत तीनशे किलोमीटरांनी पुन्हा मेण. आवाज सांगतोच, शांतता जाऊन कोरडी खसखस यायला लागली की वेळ झाली. पुन्हा टर्पेंटाइन लागत नाही. फडक्यानं पुसायची, उकळत्या पाण्यात घोळवायची, जुनं मेण धुळीसकट वितळून वर येतं, मग पूर्ण वाळवून डब्यात. दोन चेन आलटून पालटून वापरल्या तर दर आठवड्याला हा कारभार करावा लागत नाही. एक सायकलवर, एक खिळ्याला.

जूनपर्यंत मी भेटेल त्याला मेणाचं सांगत होते. जुलैत ताम्हिणीला गेलो. आदल्या रात्री ताजं मेण लावलेली चेन. मुळशीच्या पुढे पाऊस असा लागला की समोरच्याचा मडगार्डही दिसेना. चाळिसाव्या किलोमीटरला चेन चिवचिवायला लागली, परतीच्या वाटेवर तर प्रत्येक पेडलला. एकशे दहा किलोमीटर करून घरी आले, गरम पाण्यानं आंघोळ केली, जेवले, झोपले. सायकल तशीच ओली भिंतीला. सकाळी चेन भगवी झाली होती. आठ-दहा जोड आखडले होते, हातानं वाकवले तर वाकलेलेच राहत होते. ती चेन पुन्हा धुतली, मेणात घातली, पण पिनांवर गंजाचे डाग पडले ते पडलेच. ती पुढे घरातल्या ट्रेनरवरच, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवरच, वापरली.

त्यामागचं कारण नंतर नीट उमगलं, आणि ते मेणाच्या गुणातच आहे. तेल पातळ असतं, बाजूला सरलं तरी परत फटीत ओढलं जातं. म्हणून ते माती आत नेतं, आणि म्हणूनच पावसात टिकून राहतं. मेण एकदा जागेवरून निघालं की परत येत नाही. पाण्याचा मारा त्याला फटीतून ढकलून देतो आणि खालचं पोलाद उघडं पडतं. ज्या गुणासाठी मेण घ्यायचं तोच पावसात उलटतो. सह्याद्रीच्या पावसात बाराही महिने मेण वापरा असा सल्ला मी कुणाला देणार नाही. ऑक्टोबर ते मे मेण, आणि पावसाळ्यात जाड, पावसाळी तेल, वेगळ्या चेनवर. ते तेल सुद्धा आता मी वेगळं घालते. प्रत्येक रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूनं, रात्री. सकाळी बाहेरचं सगळं फडक्यानं पुसून टाकायचं, पट्ट्या कोरड्या दिसेपर्यंत. तेल आत हवं, बाहेर दिसणारं तेल फक्त चिखल गोळा करतं. आणि भिजून आलं की जेवायच्या आधी चेन पुसायची.

नोव्हेंबरात ३०० किलोमीटरची ब्रेव्हे केली. २० तासांची मुदत असते. मी सतरा तासांत परतले. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर पहाटेच्या अंधारात आम्ही चौघं होतो. वळणावर ट्रक नसले की फक्त श्वास ऐकू यायचे आणि शेजारच्याच्या चेनची करकर. तो मुलगा नवीन होता. वर थांबलो तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, तुमच्या सायकलचा आवाज का येत नाही?" मी त्याला जवळचं छोटं तेल दिलं, त्याची चेन आधी पुसायला लावली आणि घरी गेल्यावर पट्टी लावून बघ म्हणून सांगितलं. त्यानं बघितलं. त्याचा फोन आला: ३०६ आणि थोडं वर. कॅसेट वाचली असावी; नवी चेन अजून तरी त्याच्याकडे निसटलेली नाही.

परवा माझी कोरड्या दिवसांची चेन मोजली. ३६०० किलोमीटर झालेत, सगळे मेणावर. पट्टीवर ३०५ च्या रेघेला पिनेची कड टेकते, जेमतेम. खात्री वाटेना म्हणून तीन ठिकाणी मोजली, मग भिंग घेऊन परत बघितली. मोजता मोजता डब्याकडे लक्ष राहिलं नाही, तर बाल्कनीतून सासूबाईंची हाक आली, "अगं ये, साय धरली बघ. काढ तुझी चेन."